सत्तर टक्के दाणा

नाव: श्री. अजिनाथ रामहरी गर्जे. हुद्दा: सहायक कृषी अधिकारी. (पूर्वी कृषी सहायक. शासनाने शब्दांच्या जागा बदलून मागे 'अधिकारी' लावल्यापासून पाटी नवी, बाकी सर्व यथास्थित.) वय: बेचाळीस. शिक्षण: कृषी पदविका, प्रथम श्रेणी. कार्यक्षेत्र: महसुली गावे पाच, पैकी प्रत्यक्ष भेटीची तीन, कारण डांबरी रस्ता तिथपर्यंतच आहे. वाहन: पांढरी चारचाकी, स्वतःची. पादत्राणे: बूट, पांढरे. पीक पाहणीचे कमाल अंतर: रस्त्यापासून चाळीस फूट. विशेष प्रावीण्य: नजर अंदाज. 'दाणेदार शिवार' मोहिमेत उत्कृष्ट कर्मचारी म्हणून नाव विचाराधीन. वर्तणूक: समाधानकारक.

नजर अंदाज हा शब्द अजिनाथने काढलेला नाही. महसुलाच्या कागदांत तो त्याच्या आज्याच्याही आधीपासून आहे. पीक रानात उभं असतानाच चार जणांनी शिवारात फिरायचं, डोळ्यांनी पाहायचं आणि चांगल्या सालाला रुपया धरला तर यंदा किती पैसे पीक आलं ते सांगायचं, याला म्हणतात नजर अंदाज पैसेवारी. पुढे शेतात कापणी करून, तोलून, तोच आकडा पक्का करायचा असतो. हिंदी सिनेमात नजरअंदाज म्हणजे पाहून न पाहिल्यासारखं करणं. सरकारी मराठीत त्याचा अर्थ नीट पाहून अंदाज बांधणं. हे दोन्ही अर्थ एकाच माणसात गुण्यागोविंदाने नांदू शकतात, एवढी भर मात्र अजिनाथच्या नावावर जमा करावी लागेल.

त्याचा बाप रामहरी याने उभा जन्म उसाच्या फडात कोयता चालवला. पोराने मातीत हात घालू नये, एवढीच त्याची इच्छा होती. पोराने ती शब्दशः पाळली.

भोरमाळ हे अजिनाथच्या रस्त्यावरच्या तीन गावांपैकी एक. कर्जतची हद्द संपते तिथून पुढे जामखेडच्या अंगाला जाताना डाव्या हाताला लागतं. गावाच्या पायथ्याला ओढ्याकाठची काळी, खोल जमीन आहे. ती रस्त्याला लागून आहे. तिच्या वर माळ आहे, मुरमाड, वीतभर मातीचा. तो रस्त्यावरून दिसत नाही. गावातली पाऊण ज्वारी माळावर असते आणि सगळे फलक रस्त्यावर. मोहिमेचाही फलक तिथेच होता: 'दाणेदार शिवार, दुष्काळावर वार'. फलकाखाली अजिनाथचा हसरा फोटो. तो एका कणसाकडे असा पाहत होता, जणू कणसाने त्याला कर्ज मागितलं आहे आणि तो विचार करतो आहे.

ते साल उलटंच होतं. भाद्रपदात इतका पाऊस झाला की माळावरही चिखल झाला, वाफसा येईना, पेरणी महिनाभर मागे गेली. आणि पेरणी झाल्यावर पाऊस जो गेला तो गेलाच. ओलीवर ज्वारी उगवली, वाढली, पोटरीला आली, निसवून कणीस बाहेर पडलं. तोवर जमिनीत ओल होती. कणसं लांब पडली, दाण्यांच्या जागा भरगच्च पडल्या. मग फुलोरा सरला, दाण्यात चीक भरायची वेळ आली आणि नेमकी तेव्हा वीतभर मातीतली ओल संपली. कणसाची लांबी दाण्याच्या आधी ठरते. दाणा नंतर भरतो, किंवा भरत नाही. त्यामुळे त्या साली भोरमाळच्या माळावर अशी ज्वारी उभी होती की लांबून पाहणाऱ्याने वाहवा करावी आणि जवळ जाणाऱ्याने गप्प बसावं.

अजिनाथ लांबून पाहणारा होता. त्याचा नजर अंदाज एकावन्न पैसे आला.

हा आकडा कुणाला कसा लागला ते सांगायला झुंबरबाईकडे जावं लागेल. माळावर तिची तीस गुंठे ज्वारी. नवरा आणि दोन्ही लेकं कोपरगावकडे ऊस तोडायला गेलेली. घरी ती, दोन गाई आणि एक कालवड. दसऱ्याला माणसं फडावर गेली तेव्हा थोरल्याने सांगितलं होतं, "आये, आमी येईस्तोवर जनावरं ठेव. काय बी कर." काय बी कर म्हणजे काय, ते त्याने सांगितलं नव्हतं. गेल्या वर्षीचा कडबा माघातच संपला. नवीन कडबा व्हायचा तो या तीस गुंठ्यांत, आणि तिथली ताटं, म्हणजे ज्वारीची धाटं, आतून पोकळ होत चालली होती. गावात याला खडखड्या म्हणतात. ओल तुटली की ताट स्वतःच्या पोटातलं काढून दाण्याला देऊ लागतं. दाण्याचं भरत नाही आणि ताटाचं सरतं. मग ते बुडातून कुजतं आणि वाऱ्याने आडवं होतं.

राहिला एकच रस्ता. सहा-सात वर्षांमागे दुष्काळ पडला तेव्हा सरकारने चारा छावणी उघडली होती. झुंबरबाईने तिथे गाईंच्या शेजारी पाल ठोकून तीन महिने काढले, एकही जनावर विकलं नाही. गावाची पैसेवारी पन्नासच्या खाली आली तर छावणी मागता येते. पन्नासच्या वर गेली तर बाजार. एवढं गणित तिला एका बैठकीत कळलं होतं. अजिनाथला पदविका घेऊन कळलं नव्हतं, असं मात्र म्हणता येत नाही. त्यालाही ते कळत होतं. त्याचं गणित निराळं होतं इतकंच: ज्या गावात आपला फलक उभा आहे ते गाव दुष्काळी निघालं, तर दाणेदार शिवाराचं काय सांगायचं?

पक्क्या पैसेवारीसाठी गावात चार शेतं निवडायची होती. निवड यादृच्छिक पद्धतीने करायची, असं पत्रकात होतं. पहिली तीन शेतं यादृच्छिक पद्धतीने ओढ्याकाठी, रस्त्याला लागून निघाली.

"यादृच्छिक म्हंजे वो काय?" रंगनाथने विचारलं होतं. रंगनाथ हा एसटीतून निवृत्त झालेला कंडक्टर, झुंबरबाईचा भावकीतला दीर. गावाच्या पैसेवारी समितीने त्याला पंच नेमलं होतं, कारण तो दिवसभर पारावर मोकळाच असे.

"म्हणजे आपोआप. आपल्या इच्छेने नाही," अजिनाथ म्हणाला.

"मला वाटलं ज्याची त्याची इच्छा. तीन वेळा आपोआप डांबरीवरच? आमच्या टायमाला येवढ्या सरळ रस्त्यानं एसटी बी जात नव्हती."

अजिनाथ हसला. लोक विनोद करतात तेव्हा हसायचं, हे त्याने नोकरीत शिकलेल्या मोजक्या गोष्टींपैकी एक.

तीन शेतांची सरासरी एकावन्नच निघाली. आपल्या डोळ्यांबद्दल त्याला आदर होताच, तो वाढला. चौथं शेत मात्र मोबाईलमधल्या ॲपने स्वतः निवडलं. ॲपला पांढरे बूट नसतात. त्याने झुंबरबाईचा गट क्रमांक काढला.

म्हणजे आता गावाची छावणी झुंबरबाईच्या रानात ठरणार होती. तिथे बरंच कमी निघालं तर सरासरी पन्नासच्या खाली येणार. गावात हे सकाळी चहाच्या आधीच सगळ्यांना ठाऊक झालं. झुंबरबाईने आदल्या दिवशी माळाच्या टेकाडावर एक तुकडा सारवून खळं केलं, सूप घासून ठेवलं, बडवायची लाकडी मोगरी शोधून काढली. कापणी प्रयोग म्हणजे कापायचं, बडवायचं, वारवायचं आणि मग तोलायचं. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. ज्वारीचं दुसरं काय करतात?

फेब्रुवारी संपत आला होता. सकाळी दहालाच ऊन पाठीवर बसत होतं. अजिनाथची गाडी डांबरी संपली तिथे थांबली. पुढे पाऊण किलोमीटर चढ होता. तो चढून आला तेव्हा बूट तांबडे झाले होते आणि चेहराही.

"पानी देऊ का सायेब?" झुंबरबाई म्हणाली.

"नको नको मावशी. आधी काम. नेटवर्क कुठंय इथं?"

"त्या लिंबाखाली एक काडी येती," रंगनाथ म्हणाला. "दुसरी काडी पायजेल तर लिंबावर चढावं लागंल."

लिंबाखाली अजिनाथने पिशवीतून कागद काढला. पंचनामा. त्यात आकड्यांच्या जागा कोऱ्या होत्या, खाली सह्यांच्या जागा होत्या. त्याने सह्यांच्या जागेवर बोट ठेवलं.

"इथं. आणि इथं."

"आधी?" रंगनाथ म्हणाला.

"आधीच घेतो मी. नंतर माणसं पांगतात. पाच गावं सांभाळायची म्हणजे..."

ही इथली रीतच आहे. पंच आधी सही करतो आणि नंतर पाहतो. जो आधी पाहू म्हणतो त्याला पुढच्या वेळी कुणी पंच करत नाही. रंगनाथने खिशातून स्वतःचं पेन काढलं, कारण सरकारी पेनावर त्याचा भरवसा नव्हता, आणि दोन्ही ठिकाणी सही केली.

"आमचं बी हेच हुतं," तो पेन खिशाला लावत म्हणाला. "गाडी कुठं चालली ते ड्रायव्हरला ठाव. आपुन फकस्त बेल मारायची."

दोरी धरून दहा मीटर बाय पाच मीटरचा चौकोन आखला. झुंबरबाई आणि शेजारची भीमाबाई, दोघींनी विळ्याने कणसं कापली. भीमाबाई बोलत नव्हती. तिचीही एक म्हैस होती आणि बोलल्याने आकडा बिघडेल असं तिला वाटत असावं. अजिनाथने दरम्यान एक कणीस उचललं, खिशातून प्लास्टिकची पट्टी काढली आणि मोजलं.

"बावीस सेंटीमीटर! मावशी, बघा. याला म्हणतात कणीस. तंत्रज्ञान वापरलं की असं होतं."

"लांब हाय की," झुंबरबाई म्हणाली. "कोन न्हाई म्हनतंय? दाना बघा."

"दाणेपण आहेत की. संख्या बघा ना."

"संख्या हाय. पोरं मोप झाली, सायेब, पन आईच्या अंगावर दूध न्हाई. पोरं मोजून काय करता?"

अजिनाथने ते ऐकलं. इथे त्याच्याविषयी एक गोष्ट नोंदवली पाहिजे, नाहीतर त्याच्यावर अन्याय होईल. तो अडाणी नव्हता. लहानपणी रामहरी फडावरून आला की बापलेक खळ्यावर झोपायचे, आणि कणीस हाती आलं की तळहातावर चोळायचं, फुंकायचं आणि उरलं ते तोंडात टाकायचं, हे त्याच्या हाताला अजून येत होतं. हाताने ते केलंही. बावीस सेंटीमीटरच्या त्या कणसाची एक फांदी त्याने तळहातावर घेतली, दोन्ही हातांनी चोळली, तोंडाजवळ नेली आणि फुंकली.

तळहात रिकामा झाला. भुसाबरोबर दाणेही उडाले. दोन-तीन राहिले, चपटे, सुरकुतलेले, जिऱ्याच्या जातीचे.

आसपास कुणाचं लक्ष नाही असं पाहून त्याने हात पँटला पुसला आणि पट्टी खिशात ठेवली. अन्याय टळला. तो अडाणी नव्हता हे सिद्ध झालं. आता त्याला माफी द्यायला कारण उरत नाही.

कणसांची रास ताडपत्रीत बांधून काट्याला लावली. चार किलो दोनशे ग्रॅम.

"झालं," अजिनाथ म्हणाला, आणि लिंबाखाली जाऊन मोबाईल काढला.

"झालं कुठं?" झुंबरबाईने मोगरी हातात घेतली होती. "बडवायचं हाय की अजून."

"बडवायची गरज नाही मावशी. कणसाच्या वजनाचे सत्तर टक्के दाणे धरायचे. ठरलेलं आहे."

"कुनी ठरवलं?"

कुणी ठरवलं हे अजिनाथला ठाऊक नव्हतं. नोकरीला लागला तेव्हा त्याच्या आधीच्या माणसाने त्याला सांगितलं होतं, आणि त्या माणसाला त्याच्या आधीच्याने. पत्रकात तर मळणी करून, वाळवून तोला असं स्वच्छ लिहिलं होतं. पण मळणीला दोन तास लागतात आणि सत्तर टक्क्याला चार सेकंद. भरल्या कणसात हे चालूनही जातं. किलोला सातशे ग्रॅम दाणा, तीनशे भूस. पण दाणा भरलाच नाही तरी भूस जागच्या जागी असतं. त्याला दुष्काळ लागत नाही. दुष्काळी कणसात वजन असतं ते भुसाचं, आणि सत्तर टक्के त्याला दाणा म्हणतात.

"शास्त्रीय आहे ते," अजिनाथ म्हणाला.

"दोन घंटे थांबा," ती म्हणाली. "मी बडवते, मीच वारवते. तुमी सावलीला बसा. च्या ठेवते."

"मावशी, ॲप बाराला बंद होतं."

"आता साडेदहा झाल्यात," रंगनाथ म्हणाला.

"नेटवर्क पण बघावं लागतं ना."

झुंबरबाई थांबली नाही. तिने सारवलेल्या खळ्यावर कणसं पसरली आणि मोगरी हाणायला सुरुवात केली. भीमाबाईने दुसऱ्या बाजूने काठी घेतली. दोघी गुडघ्यांवर बसून बडवत होत्या आणि लिंबाखाली अजिनाथ एका काडीच्या नेटवर्कवर चार पूर्णांक दोन गुणिले सत्तर टक्के करत होता. दोन किलो नऊशे चाळीस ग्रॅम. हेक्टरी पाचशे अठ्ठ्याऐंशी किलो. चांगल्या सालाचा रुपया दहा क्विंटलांचा धरला तर एकोणसाठ पैसे. चौथ्या शेताने सरासरी खाली आणण्याऐवजी वर नेली: त्रेपन्न.

त्याने 'दाण्याचे वजन' या चौकटीत २.९४ लिहिलं. खाली लाल अक्षरांत प्रश्न आला: माहिती अचूक आहे का? एकदा पाठवल्यानंतर बदल करता येणार नाही. अजिनाथने तो प्रश्न वाचला. इतकी वर्षं तो प्रश्न येत होता, पण त्याने वाचला तो त्या दिवशी पहिल्यांदा. मग बोट ठेवलं. चक्र फिरू लागलं. एक काडी होती, त्यामुळे ते बराच वेळ फिरलं. तेवढ्या वेळात माणसाला विचार बदलता येतो. अजिनाथने मोबाईल वर धरून नेटवर्क शोधलं.

हिरवी टिकली उमटली तेव्हा अकराला दहा मिनिटं कमी होती.

खळ्यावर झुंबरबाई उभी राहिली होती. सूप डोक्याच्या वर धरून ती वारं पाहत होती. पूर्वेकडून कोरडा वारा येत होता, त्या महिन्यात येतो तसा. तिने सूप कलतं केलं. नेहमीची ज्वारी वारवताना दाणा सरळ पायाशी पडतो आणि भूस चार हात पुढे जातं. ही ज्वारी खाली आलीच नाही. दाणा आणि भूस एकाच ढगाने निघाले आणि शेताच्या कडेच्या धुऱ्यापर्यंत गेले. धुऱ्यावर दोन साळुंक्या बसल्या होत्या. त्यांनी जवळ येऊन पाहिलं आणि पुन्हा लांब जाऊन बसल्या.

"वारं जास्त आहे मावशी," अजिनाथ लांबून ओरडला. "तुम्ही चुकीचं वारवताय. दाणा वाया जातोय तुमच्या हाताने."

झुंबरबाईने सूप खाली ठेवलं.

"सायेब," ती म्हणाली, "पन्नास वरसं झाली मी वारवते. आजवर माझ्या सुपातनं दाना उडाला न्हाई. दान्याला वजन आसलं तर तो खाली येतो. वारं काय आजच आलंय का माळाला?"

"वयनी, पुन्यांदा गोळा कर," रंगनाथ म्हणाला. त्याने स्वतः धुऱ्यापर्यंत जाऊन उडालेलं पोत्यात भरून आणलं. तो पंच होता, आणि आता पाहत होता. या खेपेला आडोशाला बसून, सूप मांडीवर घेऊन, फुंकर घालून दोघींनी एकेक मूठ पाखडली. पाऊण तास गेला. भीमाबाईने चपटे दाणेही भुसातून वेचून दाण्यांत घातले, म्हणजे कुणी म्हणायला नको की दाणा टाकला.

काट्यावर ठेवलं. किलो आणि शंभर ग्रॅम.

दोन किलो नऊशे चाळीस कुठे आणि एक किलो शंभर कुठे, हे सांगायला गुणाकार लागत नाही.

"बावीस पैसे," रंगनाथ म्हणाला. त्याने तिकिटांच्या हिशेबात जन्म काढला होता. "चारींची सरासरी चव्वेचाळीसच्या आत येती सायेब. ल्ह्या."

"गेलं ते," अजिनाथ म्हणाला.

"काय गेलं?"

"आकडा. पाठवला मी. आता उघडत नाही."

"मागं घ्या."

"मागं जायचं बटणच नाही त्यात."

"एसटीला बी रिव्हर्स आसतो वो," रंगनाथ म्हणाला. या वेळी कुणी हसलं नाही. अजिनाथसुद्धा हसला नाही, म्हणजे त्याला तो विनोद कळला असावा.

झुंबरबाई काट्याजवळच बसली होती. तिने दाण्यांतून हात फिरवला. "मंग ज्याला उघडतं त्याला सांगा. तालुक्याला सांगा. हा काटा हाय, हे दाने हायेत, हे पंच हायेत. फोटू काढा."

"पंचांची सही आहे ना पंचनाम्यावर," अजिनाथ म्हणाला.

"कोऱ्यावर हाय," रंगनाथ म्हणाला.

"सही आहे," अजिनाथ म्हणाला.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. लिंबाखाली एकच काडी होती, पण वरिष्ठांना ती पुरते. तालुक्याहून साहेब विचारत होते. आवाज एवढा मोठा होता की खळ्यावर ऐकू जात होता.

"गर्जे, भोरमाळ किती?"

अजिनाथ काट्याकडे पाहत होता. काट्यावर एक पूर्णांक एक शून्य शून्य हे आकडे हिरव्या दिव्यांत तसेच होते. झुंबरबाई त्याच्याकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, विनवणीही नव्हती. ज्वारीचं कणीस ज्या नजरेने पाहतात, भरलंय की पोचट, त्या नजरेने ती पाहत होती. त्याने फक्त एवढंच म्हणायचं होतं की साहेब, चौथ्या प्लॉटचा आकडा चुकलाय, दुरुस्तीला पत्र देतो. अशी पत्रं जातात. दुरुस्त्याही होतात. त्यासाठी एक अर्ज, एक खुलासा आणि थोडा वेळ कमीपणा लागतो. पहिल्या दोन गोष्टींची त्याची तयारी होती.

"त्रेपन्न, साहेब," अजिनाथ म्हणाला.

"उत्तम. फलकासमोरचा फोटो पाठवा अहवालाला."

"हो साहेब."

फोन बंद करून त्याने खिशात ठेवला. मग म्हणाला, "मी बघतो मावशी. वरती बोलून बघतो."

बघतो हा नजर अंदाजाचाच पुढचा टप्पा. त्यात तोलायचं नसतं.

"बघा," झुंबरबाई म्हणाली. ती उठली, खळ्याकडेला तीन दगडांची चूल मांडली होती तिकडे गेली आणि चहा घेऊन आली. काळा. "दूध आटलंय," एवढंच म्हणाली. अजिनाथने चहा घेतला. नको म्हटलं असतं तर बरं दिसलं असतं, पण ऊन फार होतं. प्यायल्यावर कप विसळून ठेवावा असं त्याला वाटलं. मग त्याने तो घागरीजवळच्या दगडावर तसाच ठेवला, कारण विसळायला पाणी वाया घालवू नये, असं तो स्वतःच गावोगाव सांगत असे.

उतारावर रंगनाथ त्याच्याबरोबर गाडीपर्यंत आला. वाटेत दोन्ही बाजूंना ज्वारी उभी होती. वाऱ्याने वाळकी ताटं एकमेकांवर आपटून वाजत होती.

"सायेब, तुमचे वडील फडावर हुते ना?" रंगनाथने विचारलं.

"होते. का?"

"काय न्हाई. त्यांनी बी मोळ्या मोजल्या आसतील. मुकादम म्हनायचा, पाच मोळ्या सुटल्या, सत्तरच धर. मंग ते काय करायचे?"

"भांडायचे," अजिनाथ म्हणाला, आणि दार लावून घेतलं.

रस्त्यावरच्या फलकासमोर त्याने गाडी थांबवली आणि फोटो काढला. मागे ओढ्याकाठची हिरवी ज्वारी आली. माळ फोटोत येत नव्हता. तो येईल असा कोपरा शोधावा लागला असता.

रंगनाथने परत येऊन तालुक्याच्या कचेरीला एक अर्ज लिहिला. सहीपुरता का होईना, आपण पंच आहोत असं त्याने त्यात म्हटलं. उत्तर आलं, आणि लवकर आलं. अर्जदाराच्या स्वाक्षरीचा पंचनामा उपलब्ध असून त्यातील आकडा ॲपमधील आकड्याशी जुळतो, सबब अर्ज निकाली. कोऱ्या चौकोनात २.९४ कुणी, केव्हा भरलं, हे विचारायची पत्रात सोय नव्हती. झुंबरबाईने ते पत्र रंगनाथकडून दोनदा वाचून घेतलं. दुसऱ्यांदा वाचताना तिने फक्त 'सबब' हा शब्द पुन्हा म्हणायला लावला.

"म्हंजे काय?"

"म्हंजे म्हनून," रंगनाथ म्हणाला.

"आस्सं," ती म्हणाली. "मला वाटलं सबबच."

महाराष्ट्र दिनाला अजिनाथ गर्जेला प्रशस्तिपत्र मिळालं. चौकटीसह, सोनेरी कडा असलेलं. त्यातला मजकूर असा: "अवर्षणप्रवण क्षेत्रात 'दाणेदार शिवार' मोहिमेची प्रभावी अंमलबजावणी करून, पाण्याचा ताण असतानाही ज्वारी पिकात दाणे भरण्याचे प्रमाण सत्तर टक्क्यांवर राखल्याबद्दल, मौजे भोरमाळ येथील पीक परिस्थिती समाधानकारक ठेवल्याबद्दल व सदर गावी चाराटंचाई उद्भवू न दिल्याबद्दल श्री. अजिनाथ रामहरी गर्जे, सहायक कृषी अधिकारी, यांचा गौरव करण्यात येत आहे."

झुंबरबाईने ती ज्वारी कापली नाही, उभ्या पिकात जनावरं सोडली. तीस गुंठे पीक दोन गाई आणि एका कालवडीला बावीस दिवस पुरलं. तेविसाव्या दिवशी, शनिवारी, तिन्ही बाजारात नेली.